अर्ध्या नदीतून वळलेली नाव

पूर्वी वेत्रवतीच्या काठी एका नगरात अजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मला होता. त्या घाटाची एक रीत होती. सुटलेली नाव पैलतीराला टेकल्याशिवाय वळवायची नाही. वळवली तर नदी कोपते म्हणे. नदीला कोणी विचारले होते कोण जाणे.

एका सकाळी नावेत लग्नाचे वऱ्हाड बसले होते. मुहूर्त तोंडावर आलेला, त्यामुळे सगळे उतावीळ. त्यांच्यासोबत घरी परतणारे वैद्य होते आणि सोमक विणकराची सात वर्षांची मुलगी उत्पला होती. आई आठ दिवस माहेरी गेली आहे, बाबांना न सांगता मी तिला भेटायला चालले आहे, असे ती ज्याला त्याला आनंदाने सांगत होती. ते ऐकून वैद्यांनी मान खाली घातली.

बोधिसत्त्वाने ते पाहिले आणि त्यांना हळूच विचारले. वैद्यांनी सांगितले, की तिची आई घरातच आतल्या खोलीत पडून आहे आणि आजचा दिवस काही काढत नाही. पोरीला शेजारी ठेवून बापाने माहेराची थाप मारली होती.

बोधिसत्त्वाने तत्क्षणी नाव वळवली. एकच गलका झाला! वरपिता मुहूर्तासाठी ओरडू लागला, बायका नदीची करुणा भाकू लागल्या. बोधिसत्त्व उत्पलेजवळ वाकला.

"बाळ, आई माहेरी नाही. घरीच आहे. ती फार आजारी आहे आणि आता बरी होणार नाही. ती मरणार आहे."

उत्पलेने विचारले, "काका, मी हट्ट केला म्हणून?"

"नाही गं. कुणाच्या हट्टाने कुणी मरत नाही. पण आत्ता ती आहे. म्हणून तर वळलो."

हे ऐकून नवरदेवाने मुंडावळ्या मागे सारल्या आणि दुसरे वल्हे हाती घेतले. मग काय, वऱ्हाडच वल्हवू लागले! नाव प्रवाहाला न जुमानता सपासप निघाली.

दारात सोमक आडवा आला. पोर लहान आहे, तिला सोसणार नाही, असे म्हणू लागला.

बोधिसत्त्व म्हणाला, "दुःख तिला होणारच आहे, सोमका. ते तिला एकटीला होऊ देऊ नकोस."

सोमक बाजूला झाला. उत्पला आईच्या अंथरुणात शिरली आणि नवरदेवाने नाव कशी पळवली ते एका दमात सांगू लागली. आई हसली. केसांचा अवतार पाहून रागावलीही, आणि तिची वेणी घालू लागली. अर्ध्यावर तिचे हात थकले. उरलेली वेणी सोमकाने रडत रडत घातली. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, आईने प्राण सोडला. तेव्हा तिचा एक हात मुलीच्या हातात होता, एक नवऱ्याच्या.

लग्न दुसऱ्या मुहूर्तावर लागले आणि चांगले लागले.

पूर्वजन्मीची ही कथा संपवून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा नवरदेव म्हणजे आज आजाऱ्यांसाठी धावत पाणी आणणारा भिक्खू पुण्णक. सोमक म्हणजे हा उपासक धनिय, जो काल मुलांपासून त्यांच्या आजोबांचे दुखणे लपवीत होता. उत्पला ही भिक्खुणी सुजाता. मरणाऱ्याच्या उशाशी बसायला ती भीत नाही. आणि नावाडी मीच होतो. करुणेने बोललेले सत्य हीच ती पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण."

धनिय उठला आणि मुलांना आणायला घराकडे पळत सुटला.