भांडाराचं दार उघडलं तेव्हा

माणूस नावाची कटकट पृथ्वीवर यायच्या आधीची गोष्ट. परग्रहावरच्या शहाण्यांनी आपलं सगळं ज्ञान एका डोंगराच्या पोटात ठेवलं आणि ते निघून गेले. त्या भांडाराचं दार शतकातून एकदाच, तेही घटकाभर उघडे.

यंदा बेडूक सगळ्यांच्या पुढे बसला होता. तळं आटत चाललं होतं. पाणी कुठे मिळेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दार उघडलं. आतून आवाज आला, "विचारा!"

बेडकाने तोंड उघडलं, तोच अध्यक्ष गाढवराव गरजले, "थांब रे! आधी स्वागत, मग प्रास्ताविक. प्रश्न शेवटी, वेळ उरला तर."

दाराला हार घातला. गाढवराव 'दोन शब्द' बोलत राहिले, बोलतच राहिले. दार धाडकन बंद झालं.

"कार्यक्रम देखणा झाला!" गाढवराव खूश होऊन म्हणाले. "बेडका, जरा पाणी आण बघू. बोलून बोलून घसा कोरडा पडला."