जास्तीचं वळण

“…पण पहिलं विरजण आलं कुठून?”

बाईंनी विचारलं आणि यशोधन हसला. याच प्रश्नाचं उत्तर घेऊन तो सकाळी पुण्याहून निघाला होता.

अनसूया तांबट यांनी तीस वर्षं रेडिओ दुर्बिणीवर काढली होती. निवृत्तीनंतर त्या साताऱ्याच्या वर, पठारावरच्या एका वाडीत, दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या. एकट्याच. यशोधन टिळेकर हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. आता त्याच्या हाताखाली अकरा माणसं होती आणि परदेशातून त्याला व्याख्यानांची बोलावणी येत.

आकाशगंगांमध्ये चुंबकत्व असतं. अगदी क्षीण. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या एक कोटीव्या हिश्श्याएवढंच म्हणा ना. पण वायूचे अवाढव्य ढग एकदम कोसळू नयेत म्हणून तेच त्यांना सावरून धरतं. आकाशगंगा फिरते, आतला वायू घुसळला जातो, तसतसं ते वाढतं. मात्र वाढायला मुळात थोडं असावं लागतं. त्या मुळातल्याला बाई वर्गात विरजण म्हणायच्या.

“विरजण पहिल्यापासूनच होतं, बाई,” यशोधन म्हणाला. “विश्व जन्मलं तेव्हापासून. मला सापडलंय.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“सांग.”

त्याने लॅपटॉप उघडला. चुंबकत्व काही दिसत नाही. दुरून येणारी रेडिओ लहर त्यातून जाताना तिच्या कंपनाची दिशा थोडी वळते, ते वळण मोजता येतं. वाटेत आपल्या आकाशगंगेचं चुंबकत्व लागतं, ते वजा करायचं. त्या दूरच्या आकाशगंगेचं स्वतःचं असतं, तेही वजा करायचं.

“सगळं वजा करूनही थोडं वळण उरतं. जास्तीचं. दोनशे स्रोत तपासले. दोनशेच्या दोनशेंत आहे.”

“कुठल्या दिशेला?”

“सगळ्या दिशांना. तेच तर! कुठेही बघा, तेवढंच उरतं. म्हणजे ते कुणा एका आकाशगंगेचं नाही. सगळ्या अवकाशाचं आहे.”

“सगळीकडे सारखंच…”

“अगदी सारखं.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पवनचक्क्यांची पाती फिरत होती.

“सोमवारी बंगळूरच्या परिषदेत जाहीर करतोय,” यशोधन म्हणाला. “वर्तमानपत्रवाल्यांचे फोन सुरू झालेत. म्हटलं, त्याआधी तुमच्या कानावर घालावं. आशीर्वाद घ्यावा.”

बाई उठल्या. फडताळातून एक पितळी होकायंत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“उत्तर कुठे आहे, बघ बरं.”

त्याला गंमत वाटली. तो अंगणात गेला. होकायंत्र छातीशी धरून सुईकडे पाहिलं. ऊन कुठून येतंय, ते पाहिलं. काहीतरी चुकत होतं.

तो दहा पावलं चालला आणि वळला. सुईही वळली. कुंपणाशी गेला, तुळशीमागे गेला. कुठेही उभा राहिला तरी सुईचं एक टोक त्याच्याकडेच.

“बाई, इथला कातळ बसाल्टचा,” तो तिथूनच म्हणाला. “त्यात लोहखनिज भरपूर. सुई बिघडणारच. या पठारावर होकायंत्र चालायचं नाही.”

“सगळीकडे तसंच दाखवतंय?”

“सगळीकडे. अंगणभर.”

बाई पायऱ्या उतरून आल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घालून त्यांनी मोबाइल बाहेर काढला. त्याच्या कव्हरची झडप चुंबकाने बंद होणारी होती. त्या तो मोबाइल घेऊन पार कुंपणापर्यंत गेल्या आणि दगडी गडग्यावर ठेवून आल्या.

सुई थरथरली. सावकाश फिरली… आणि उत्तरेला थांबली.

यशोधन बघत राहिला.

“पण बाई, आम्ही…”

“लांबचे दोनशे तपासलेस,” बाई म्हणाल्या. “जवळचे किती?”

“जवळचे?”

“आपल्याच आकाशगंगेतले. ज्यांची लहर त्या सगळ्या अवकाशातून आलेलीच नाही.”

“ते कशाला तपासायचे? त्यांच्यात जास्तीचं काही असणारच नाही.”

“नसेल तर नसेल.”

“त्यांचं वळण केव्हाच मोजलेलं आहे. तुमच्याच यादीत आहे.”

ही यादी म्हणजे बाईंच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांचं काम. लहरी सोडणाऱ्या चारशे बारा जवळच्या ताऱ्यांचे आकडे. जगभर ती तांबट यादी म्हणूनच ओळखली जायची. आपल्या आकाशगंगेचं चुंबकत्व कुणालाही वजा करायचं असलं, की आधी तीच उघडायची.

“मग तेच तारे तुझ्या यंत्राने पुन्हा मोज,” बाई म्हणाल्या. “आणि यादीशी ताडून बघ.”

“सोमवारला चार दिवस राहिलेत!”

“चार दिवस पुष्कळ झाले.”

तो जेवायला थांबला नाही. घाट उतरताना त्याला बाईंचा राग आला होता. म्हाताऱ्या झाल्या, मनात आलं. दुसऱ्याचं मोठं काही बघवत नाही, असंही मनात आलं. वाईच्या पुढे गेल्यावर मात्र त्याने गाडी बाजूला घेतली आणि आपल्या माणसांना फोन केला.

शनिवारी दुपारी पहिले तीस तारे मोजून झाले. जवळचे, अगदी शेजारचे तारे.

तिसांच्या तिसांत जास्तीचं वळण होतं. तेवढंच.

रविवारी कारण सापडलं. पृथ्वीभोवती वर विद्युतभारित हवेचा एक थर असतो. सूर्य खवळला की तो दाट होतो आणि लहर थोडी जास्त वळवतो. यशोधनने त्याची वजाबाकी सरासरीच्या कोष्टकावरून केली होती. त्याची सगळी निरीक्षणं भर दुपारची होती, आणि ते वर्ष सूर्य खवळल्याचं होतं.

कोट्यवधी प्रकाशवर्षं पार करून आलेल्या लहरीवर त्याला विश्वाच्या जन्माची खूण दिसली होती. ती शेवटच्या काही शे किलोमीटरांत उमटली होती.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा पठारावर आला. बाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या.

“ये. बस.”

तो खालीच बसला. दोन शेंगा उचलून सोलू लागला.

“सांगितलंस परिषदेत?”

“सांगितलं. चुकलं म्हणालो. ठरलेली घोषणा रद्द केली.”

“मग?”

“काही जण हसले. मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, हात मिळवून गेले. पण हसणारेच जास्त होते.” त्याने पुढची शेंग उचलली. “माझ्या विद्यार्थिनीचा, रेहानाचा, अख्खा प्रबंध त्या आकड्यावर उभा होता. ती रडली नाही. उद्यापासून काय करायचं, एवढंच विचारलं तिने.”

“मग?”

“दोघं बसलो. पहिल्यापासून मोजतोय.”

बाईंनी मान हलवली. वालाचे दाणे पातेल्यात पडत राहिले. मग त्या म्हणाल्या,

“अजून काय आहे?”

“काही नाही.”

“यशोधन…”

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“बाई, यादीतले चारशे बाराही तारे मोजले. सगळं नीट वजा केल्यावर आमचे आकडे तुमच्या यादीशी जुळले. तंतोतंत. पण सगळे नाहीत… काही तारे जुळेनात. मला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय. तीनदा मोजलं.”

बाईंचे हात चालूच होते.

“ते सगळे तुम्ही एकाच उन्हाळ्यात मोजलेले आहेत. त्या उन्हाळ्याच्या सूर्याच्या नोंदी मी काढल्या. तेव्हाही तो खवळलेला होता. आणि तेव्हा तर वजा करायला कोष्टकही नव्हतं…”

“किती तारे?”

“एक्केचाळीस.”

पवनचक्क्यांचा घुमा आवाज येत होता. बाईंनी हातातले दाणे पातेल्यात टाकले.

“बाई, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही,” यशोधन घाईने म्हणाला. “मी कुणाला सांगितलेलं नाही, रेहानालाही नाही. इतकी वर्षं लोक ती यादी वापरतायत. चारशे बारांतले एक्केचाळीस… कुणाचं काही अडलेलं नाही. मी बोललो नाही तर…”

बाई उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. आत गेल्या.

त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. हातात कापडी बांधणीचं एक जाड पुस्तक होतं. यादीची त्यांची स्वतःची प्रत. त्या पडवीच्या कडेला उजेडात बसल्या. चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

“वाच.”

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. पहिल्या ताऱ्याचा क्रमांक वाचला.

बाईंनी पान उलटलं, ओळ शोधली आणि तिच्यावरून आडवी रेघ ओढली. सावकाश, सरळ.

त्याने दुसरा वाचला. तिसरा वाचला.

सहाव्या ताऱ्याशी बाईंनी शाईने बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवलेलं होतं. एक तारीख आणि ‘सापडला!’ एवढंच. त्या क्षणभर ते बघत राहिल्या. मग त्याच्यावरूनही रेघ ओढली.

सातव्याशी यशोधनने कागदाची घडी घातली.

“बाई, उरलेले मी घरी नेऊन… तुम्ही नका…”

बाईंनी वर पाहिलं नाही. पेनाचं टोक कागदावर टेकलेलंच होतं.

“पुढचा वाच.”