सगळ्यांच्या बागेतली हौदपरी

हिरव्या टेकडीच्या कुशीत बकुळआळी नावाची एक चिमुकली वस्ती होती. घरं लहान लहान, अंगणं त्याहून लहान, पण आळीच्या मधोमध एक मोठी बाग होती. ती कुणा एकाची नव्हती, म्हणून तिचं नावच पडलं होतं सगळ्यांची बाग. तिथे लाल दोऱ्यांचे चार झोपाळे होते, चिंचेच्या सावलीत वाचनालयाची इवलीशी खोली होती आणि मध्यावर निळसर दगडाचा एक हौद होता. हौदाच्या गोमुखातून झुळझुळ पाणी पडायचं. आळीतल्या बायका तिथून घागरी भरायच्या, मुलं ओंजळीने प्यायची आणि चिमण्या काठावर बसून पंख भिजवायच्या.

या बागेची निगा सगुणा राखायची. पहाटे उठून पाचोळा झाडायची, मोगऱ्याला पाण्यासाठी मातीची आळी करायची, झोपाळ्यांच्या दोऱ्या तपासायची. तिला एकच लेक होती. नऊ वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. नाव तुळसा, पण सगळे तिला तुळू म्हणायचे.

तुळू गरीब होती. तिच्याकडे शाळेचा एकच झगा होता, खांद्यावर ठिगळ लावलेला. पण मनाने ती लोण्याहून मऊ होती. वाटेत उताणा पडून पाय हलवणारा किडासुद्धा ती काडीने सुलटा करून पुढे जायची.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. हौदाचं पाणी आधी बारीक झालं, मग थेंब थेंब झालं, आणि एक दिवस गोमुख कोरडंच राहिलं. बायकांना टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जावं लागू लागलं. जाऊन येईपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा.

त्याच दिवसांत आळीच्या दवाखान्यात नवे वैद्य आले. त्यांची मुलगी मृदुला तुळूच्या वर्गात बसू लागली. मृदुलाच्या झग्यावर पिवळी फुलपाखरं होती आणि वेणीत चांदीरंगाची फीत. ती हसून बोलायची. अशी मैत्रीण तुळूला कधी मिळाली नव्हती.

एका सकाळी शाळेआधी दोघी टेकडीपलीकडून शाळेला येणाऱ्या तीन मुलींबरोबर झोपाळ्यांवर बसल्या होत्या. एवढ्यात पलीकडून हाक मारत सगुणा आली. केसांवर धूळ, कमरेला खोचलेला पदर, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा.

"त्या बाई तुलाच हाक मारतायत का गं?" मृदुलाने विचारलं. "कोण आहेत त्या?"

तुळूने आईच्या धुळकट केसांकडे पाहिलं. मग मृदुलाच्या फितीकडे पाहिलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कुणी नाही. बाग झाडतात त्या."

सगुणा तीन पावलांवर होती. तिने ते ऐकलं. मग तिने डबा हळूच झोपाळ्याजवळच्या दगडावर ठेवला आणि म्हणाली, "मुलींनो, हा डबा वाटेत सापडला. तुमच्यापैकी कुणाचा असला तर बघा बरं."

एवढं बोलून ती वळली आणि पाचोळा झाडू लागली.

तुळूचे कान तापले. गाल तापले. पायाखालची जमीन दुभंगावी आणि आपण आत शिरावं, असं तिला झालं. मुली शाळेकडे पळाल्या, पण तुळू गेली नाही. डबा पोटाशी धरून ती कोरड्या हौदात उतरली आणि भिंतीला टेकून बसली. तिथे तिला कुणी पाहू शकत नव्हतं. डब्यात गरम भाकरी होती, वर लसणीची चटणी. तिने एक घास तोडला आणि तसाच परत ठेवला.

तेवढ्यात कुठून तरी बारीक आवाज आला, काजव्याने बोलावं तसा. "पाणी! थेंबभर पाणी!"

गोमुखाखालच्या सुकल्या चिखलात एक इवलीशी परी अडकली होती, तुळूच्या करंगळीएवढी. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ होते, पण चिखलाने चिकटून गेले होते. तुळूजवळ आईने भरून दिलेली पाण्याची छोटी कुपी होती. दिवसभराचं तेवढंच पाणी. तिने विचारही केला नाही. अर्ध्या पाण्याने परीचे पंख धुतले, उरलेलं तिला पाजलं आणि झग्याच्या मऊ काठाने तिला टिपून कोरडं केलं.

पंख फडफडले. जांभळा, पोपटी, केशरी असे कितीतरी रंग हौदाच्या भिंतींवर नाचू लागले.

"मी या हौदाची परी," ती म्हणाली. "नाव माझं दवली. पाणी आटलं आणि माझं बळही गेलं. तू स्वतः तहानलेली राहून मला पाजलंस, बाळ. मी तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण माझे दोन नियम आहेत. पहिला नियम असा, की जे मागशील ते आळीतल्या प्रत्येकाला वापरता आलं पाहिजे. कुलूप लावून ठेवायचं काही मी देत नाही."

"आणि दुसरा?"

दवलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "ज्या तोंडात खोटं अडकलेलं असतं, त्या तोंडाची इच्छा फुलते, पण टिकत नाही. तुझं तसं काही नाही ना गं?"

तुळूने मान खाली घातली. तिच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

"नाही," ती पुटपुटली. आणि आता तिच्या तोंडात एकाऐवजी दोन खोटी अडकली.

परीने पंख हळूच मिटले.

"हौदाला पाणी येऊ दे," तुळू म्हणाली. "सगळ्यांसाठी."

गोमुखातून खळखळ आवाज आला. तुळू कशीबशी वर चढली, तोवर चंदेरी धार धो धो कोसळू लागली! आळीभर एकच गलका झाला. बायका घागरी घेऊन धावल्या, मुलं एकमेकांवर पाणी उडवू लागली, चिमण्यांचा थवाच्या थवा उतरला. सगुणाने भिजल्या पदराने तोंड पुसलं आणि हसली. तुळूही हसली, पण आईने तिच्याकडे पाहताच तिने नजर वळवली.

संध्याकाळी घरी दोघी जेवायला बसल्या. आईने तिच्या ताटात रोजच्यापेक्षा मोठी भाकरी वाढली आणि तुळूला वाटलं, यापेक्षा आई रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद कोरडा ठणठणीत होता.

सगळी आळी बागेत गोळा झाली. आळीचे कारभारी होते बाबाजी पाटणे. पांढऱ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. ते हौदाच्या काठावर उभे राहिले.

"काल तुडुंब भरलेला हौद एका रात्रीत आटतो कसा?" ते गरजले. "तळाचं बूच उघडं राहिलं असणार. सगुणा, बाग तुझ्या हाती दिलीय ना आम्ही?"

"बूच मी स्वतः घट्ट लावलं होतं, बाबाजी," सगुणा म्हणाली. "दोनदा पाहिलं."

"मग पाणी गेलं कुठे? पन्नास घरांचं पाणी गेलं! उद्यापासून बाग दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावी लागेल."

सगुणाने खराट्याची मूठ घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुळू गर्दीत मृदुलाच्या शेजारी उभी होती. तिने पटकन डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, 'दवली, पुन्हा पाणी येऊ दे ना. आत्ताच्या आत्ता.'

गोमुखातून दोऱ्याएवढी धार आली. लोक "आलं! आलं!" म्हणेपर्यंत ती थरथरली आणि तुटली.

दोन इच्छा संपल्या होत्या. गोमुखाच्या कडेला बसलेली इवलीशी दवली फक्त तुळूलाच दिसत होती. तिच्या पंखांचे रंग फिके पडत चालले होते. ती रागावलेली नव्हती. ती वाट पाहत होती.

तुळूला कळलं. पाणी बुचातून गेलं नव्हतं. ते तिच्यामुळे गेलं होतं, आणि बोल आईला लागत होता.

बोलायचं म्हणजे मृदुलासमोर बोलायचं. सगळ्या आळीसमोर बोलायचं. मग तिने आईचे हात पाहिले, खराट्यावर आवळलेले, भेगाळलेले. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि हौदाच्या काठावर चढली.

"बाबाजी, हिला बोलू नका!" तिचा आवाज चिरकला. "ही माझी आई आहे."

"ते ठाऊक आहे आम्हाला, पोरी."

"सगळ्यांना नाही ठाऊक." तुळूने मृदुलाकडे पाहिलं. "काल तू विचारलंस ना, या कोण? मी म्हटलं, कुणी नाही. आईने ऐकलं. मला तिच्या धुळीची लाज वाटली. आणि मग मी परीशीही खोटं बोलले, म्हणून पाणी गेलं. आईची काही चूक नाही. चूक माझी आहे. सगळी माझी."

तुळूला वर बघवेना. डोळ्यांतलं पाणी टपटप दगडावर पडत होतं.

"दवली," ती हुंदके देत म्हणाली, "तुला द्यायचं असलं तर दे. आळीला पाणी दे."

गोमुख गुरगुरलं. आणि मग अशी धार कोसळली, की हौदाच्या तळाचा पाचोळाही उसळून वर आला! पाणी काठाला लागलं, मोगऱ्याच्या आळ्यांत शिरलं, झोपाळ्यांखालून पाटासारखं धावलं. जिथे जिथे ते पोचलं, तिथे तिथे कळ्या फुटल्या. पांढऱ्या, गुलाबी, अबोली. सगळी बाग सुगंधाने भरून गेली. त्या दिवसापासून तो हौद पुन्हा कधीच आटला नाही.

बाबाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "सगुणाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "न विचारता, न बघता बोललो मी. चुकलं माझं. ही बाग तुम्ही आहात तोवर तुमच्याच हाती."

मृदुला पुढे आली. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने सगुणाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, मोगऱ्याला आळी कशी करतात, मला शिकवाल?"

"शिकवीन की," सगुणा म्हणाली. "हात मळतील हो."

"मळू देत."

पण तुळू अजून काठावरच उभी होती, मान खाली घालून. सगुणाने ओंजळीत पाणी घेतलं आणि लेकीचं तोंड धुतलं.

"आई, तुला राग आला होता?"

"राग नाही गं," सगुणा म्हणाली. "पण वाईट फार वाटलं."

हे ऐकून तुळू पुन्हा रडली. आईने तिला थांबवलं नाही, नुसतं कुशीत घेतलं. आईच्या केसांना पाचोळ्याचा, मातीचा आणि उन्हाचा वास येत होता. तुळूने त्यात नाक खुपसलं.

गोमुखावर दवली उभी राहिली. तिचे पंख आता इंद्रधनुष्यासारखे झळाळत होते.

"बाळ तुळू," ती म्हणाली, "तहानलेलीला पाणी देणं तुला सोपं गेलं. आजचं मात्र फार अवघड होतं. ते तू केलंस."

ती भिंगरीसारखी गरगर फिरली. तिच्याभोवती सोनेरी तुषार उडाले, तुषारांचा उजेड झाला, उजेड साऱ्या हौदावर पसरला आणि पाण्यात विरघळून गेला. तुळूने आईचा हात धरून पाहिलं, तर काठावर फक्त एक चिमणी पंख भिजवत होती.