चार किलोंचा फरक

एकदा एक यात्रा नेणारा गृहस्थ आपल्या वृद्ध गुरूकडे एक विचित्र तक्रार घेऊन आला. हजारो लोकांना आपण प्रवासाला नेले, पण स्वतःची बायको मात्र घराबाहेर पडायला तयार नाही, अशी ती तक्रार होती.

गृहस्थाचे नाव विश्वंभर. नदीकाठच्या एका गावातून वर्षाला चार-पाच यात्रा निघत, त्यांचा हा व्यवस्थापक. चाळीस वर्षे त्याने हेच काम केले. हे काम त्याला शिकवले तात्यांनी. यात्रा कंपनी मुळात त्यांचीच, आणि विश्वंभर त्यांचा पट्टशिष्य. तात्या आता नव्वदीला टेकले होते, पण बुद्धी तल्लख आणि जीभ तिच्याहून तल्लख.

तात्यांचा एक नियम त्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. बस सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाने आपली पिशवी एका हातात धरून बसभोवती एक फेरी मारायची. वाटेत हात बदलावा लागला, तर तिथेच पिशवी उघडायची आणि काहीतरी काढून घरी पाठवायचे. मोठमोठ्या जमीनदारणीही पैठण्या काढून परत पाठवत आणि तात्यांना मनातल्या मनात शिव्या देत. परत येताना मात्र त्याच म्हणत, की बरे झाले बाई, हलक्या हाताने गेलो. विश्वंभरने हा नियम गुरुमंत्रासारखा चालवला.

त्याची पत्नी शैलजा. प्रत्येक यात्रेसाठी लाडू आणि चिवडा तिच्या घरून जाई. परातभर पीठ मळून आणि डबे उचलून तिचे दंड पहिलवानासारखे झाले होते. तिचे लाडू चाळीस वेळा दक्षिणेला जाऊन आले, ती एकदाही गेली नाही. सुट्टी मिळाली की जाऊ, मुलीचे लग्न झाले की जाऊ, असे करता करता विश्वंभरच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली. त्या वर्षी उन्हाळ्यात गच्चीवरून वाळवण उतरवताना तिचा पाय घसरला. मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण पाय गेले.

संसारात माणसाची खरी ओळख अशा वेळी होते, आणि सांगायला आनंद वाटतो की विश्वंभर कसोटीला उतरला. त्याने कुठे कमी केले नाही. घरात तिच्यासाठी एक जुनी लोखंडी चाकांची खुर्ची आणली. ती इतकी जड, की दोघांनी मिळून उचलावी लागे. पण उंबरे काढून टाकले होते, आणि शैलजा आपल्या हातांनी मोठी चाके फिरवत घरभर हिंडे. पहिले सहा महिने रडली. नंतर ओटा खाली करून घेतला आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली.

निवृत्त होताच विश्वंभर म्हणाला, आता दक्षिण. शैलजाचा चेहरा असा उजळला, की त्याने त्याच दिवशी तिकिटे काढली. आता प्रवासाला हलकी व्हीलचेअर हवी. तो एकटाच शहरातल्या दुकानात गेला, कारण तिला कशाला उगाच त्रास! तिथे त्याने एकेक खुर्ची मिटवून एका हातात धरली आणि आपल्या मोटारीभोवती फेरी मारली. दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता. विश्वंभरने त्याला थांबवले, म्हणाला की प्रवासातले मला शिकवू नका, माझा जन्म त्यात गेला. शेवटी नऊ किलोंची एक खुर्ची सापडली. छोटी चाके, सुटसुटीत दांडे, मिटवली की छत्रीएवढी. हात न बदलता फेरी पूर्ण झाली. विजयी मुद्रेने तो घरी आला.

मोठ्या प्रवासापूर्वी तालीम म्हणून दोघे एक दिवस शेजारच्या शहरातले वस्तुसंग्रहालय पाहून आले. आणि परत आल्यावर, जेवायच्या वेळी, शैलजा म्हणाली की तिला दक्षिणेला यायचे नाही. तुम्ही जाऊन या, मी लाडू करून देते.

विश्वंभरने खूप समजावले. लोक बघतात याची लाज वाटते का, विचारले. स्वच्छतागृहाची भीती आहे का, विचारले. मुलीकडून फोन करवला. शैलजा सगळ्याला शांतपणे नाही म्हणाली. प्रवासाला बारा दिवस उरले होते. तिकिटांचे जाऊ दे, पण एकदा ही वेळ गेली की शैलजा पुन्हा कधीच घराबाहेर पडणार नाही, अशी धास्ती त्याच्या मनात बसली होती. त्या धास्तीनेच तो तात्यांच्या पायाशी येऊन बसला.

तात्यांनी सर्व ऐकून घेतले. खुर्ची पाहिली. हातात तोलून पाहिली आणि तोंडभर स्तुती केली. मग म्हणाले की उद्या त्याच दुकानात जाऊ, तिघे.

शैलजा तात्यांना नाही म्हणू शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नव्या खुर्चीत बसून, विश्वंभरने ढकलली तशी, दुकानात आली. विश्वंभरने सवयीने तिला एका भिंतीशी लावले, ‘इथेच थांब हं’ म्हणाला आणि दुकानदाराला बोलवायला वळला.

तात्या तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारले, “शैलजा, परवा संग्रहालयात काय काय पाहिलंस?”

ती हसली. “सूचनाफलक पाहिला, तात्या. पाठच झालाय. ‘वस्तूंना हात लावू नये. मोठ्याने बोलू नये. भिंतींना टेकू नये.’ एकूण अकरा सूचना आहेत.”

“आणि पुढे?”

“पुढे पण पाहिलं की. हे जिथे थांबले ते पाहिलं. ह्यांना तलवारी आवडतात, तलवारी खूप पाहिल्या. एका कपाटात जुन्या काळची भांडी होती, कल्हईची. मला वाटलं, जरा जवळून बघावं. तोवर पुढे गेलो होतो.”

विश्वंभर परत आला होता आणि हे ऐकून गोंधळला होता. तो म्हणाला की मग सांगायचे नाही का, मी मागे घेतली असती. तुला फलकापाशी ठेवून संग्रहालयाची तिकिटे काढायला वीस मिनिटे लागली खरी, पण ‘इथेच थांब’ असे सांगूनच गेलो होतो.

“हो, सांगितलंत ना,” शैलजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हसू गेले. “इथेच थांब म्हणालात. मी दुसरं काय करणार होते?”

विश्वंभरला या वाक्यात आपले काय चुकले ते नीटसे कळले नाही, पण काहीतरी चुकले एवढे मात्र कळले.

तात्यांनी दुकानदाराला दुसरी एक खुर्ची मागितली. मागे मोठी चाके असलेली, घरातल्यासारखी, पण हलक्या धातूची. ती भरली तेरा किलो. मग त्यांनी विश्वंभरला ती मिटवून एका हातात घ्यायला सांगितली, आणि मोटारीभोवती फेरी मारायला सांगितली. त्रेसष्ट वर्षांचा शिष्य उठला. पहिल्या कोपऱ्यावर त्याने हात बदलला. दुसऱ्यावर पुन्हा बदलला. शेवटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो कसाबसा परत आला आणि धापा टाकत उभा राहिला.

“हीच घे,” तात्या म्हणाले.

ज्या माणसाने चाळीस वर्षे एका पैठणीचे वजन माफ केले नाही, तो आज चार किलो जास्तीचे गळ्यात बांधत होता. गुरूचे वय झाले, असा पापी विचारही त्याच्या मनात येऊन गेला. तो म्हणाला की तात्या, तुमच्याच नियमाने ही खुर्ची नापास आहे.

तात्या दुकानदाराकडे वळून म्हणाले, “शेठ, ही नऊ किलोंची आणि ही तेराची. मधल्या चार किलोंत काय काय येतं?”

दुकानदाराला जणू महिनाभर दाबून ठेवलेले बोलायला मिळाले. “मोठी चाकं येतात, आणि त्यांना हातानं धरायची गोल कडी येतात. छोट्या चाकांची खुर्ची हलकी असतेच हो. ती बसणाऱ्याला चालवताच येत नाही. कुणीतरी ढकलायची. मी साहेबांना तेच सांगत होतो.”

मग त्याने शैलजाची परवानगी घेऊन तिच्या बैठकीचे माप घेतले. आधीची खुर्ची तिला दोन बोटे जास्त रुंद होती, म्हणून ती सारखी एका बाजूला कलत होती. हेही कुणी तिला विचारले नव्हते. तिच्या मापाची खुर्ची आली. विश्वंभरने तिला तीत बसवले आणि हात मागच्या दांड्यांकडे नेले.

“हात खाली,” तात्या म्हणाले.

शैलजाने दोन्ही कड्यांवर तळवे ठेवले. एकदा पुढे, एकदा मागे. मग ती जागच्या जागी वळली, दुकानातल्या काठ्या आणि कुबड्यांच्या रांगेतून अलगद निघाली, आणि उतारावरून बाहेर पदपथावर गेली. विश्वंभर एक पाऊल पुढे झाला. तात्यांनी त्याचा सदरा धरला. ती फुलवालीपाशी थांबली. फुलवालीशी काहीतरी बोलली, पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिले नाही.

विश्वंभरला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या आत त्याला लाज वाटली, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा आपली बायको आपल्याला न विचारता कुठेतरी गेली, हे त्याच्या ध्यानात आले.

तेव्हा तात्या बोलले.

“एका हाताचा नियम मी सामानासाठी केला होता, विश्वंभर. सामानाचं एक बरं असतं. ते ठेवाल तिथे राहतं, न्याल तिकडे येतं. माणसाला तो नियम लावू नये, हे तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं. मला वाटलं, एवढं तर कळेल. तू उचलणाऱ्याची सोय पाहिलीस. बसणारीची पाहिली नाहीस. घरात ती आपल्या मनाने ओट्याशी जाते, दाराशी जाते, तुझ्यावर रागावली तर दुसऱ्या खोलीत जाते. त्या नऊ किलोंच्या खुर्चीत तिला तुझ्यावर रागवायचीसुद्धा सोय नव्हती. ती प्रवासाला नाही म्हणाली नाही रे. सामान व्हायला नाही म्हणाली. आणि तुला ते तोंडावर सांगून दुखवायचं नव्हतं, म्हणून घरी बसायला तयार झाली.”

विश्वंभरचे डोळे भरून आले. तात्या सौम्य झाले.

“वाईट वाटून घेऊ नकोस. निष्काळजी माणसाकडून ही चूक होत नाही, ती माया करणाऱ्याकडूनच होते. आपण एखाद्याचं सगळं करायला लागतो, आणि त्याला स्वतः करण्यासारखं काही उरलंय का, ते बघायचं विसरतो. ते चार किलो तू उचल. जमेल तसे उचल, हात बदलून उचल.”

पण माझी कंबर, असे विश्वंभर पुटपुटला. तेव्हा दुकानदाराने चाकाच्या मधोमध असलेली एक कळ दाबून दाखवली, तशी नमुन्याच्या खुर्चीची चाके पटकन हातात आली. सांगाडा वेगळा, चाके वेगळी. इतक्यात शैलजा परत आली. मांडीवर शेवंतीची पुडी होती आणि दम लागला होता. तिने ती सुटी चाके पाहिली आणि म्हणाली, “गाडीत चाकं मी मांडीवर घेईन. आपली गाडी किती तारखेची आहे?”

ते दक्षिणेला गेले. चढ आले, पायऱ्या आल्या, विश्वंभरची कंबर दुखली, दोनदा अनोळखी माणसांना हात द्यायला बोलवावे लागले. हे सगळे झाले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

एका जुन्या देवळाच्या फरसबंद आवारात विश्वंभर आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. देवळाकडे पाठ आणि श्रोत्यांकडे तोंड, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. तो खांबांची संख्या सांगू लागला आणि पाहतो तो समोर कोणी नाही. शैलजा केव्हाच त्याच्या मागे, देवळाच्या जोत्यापाशी गेली होती.

“अहो, इकडे या,” तिने हाक मारली. “खाली बसा. उभं राहून नाही दिसणार.”

तो उकिडवा बसला. जोत्यावर, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर, हातभर उंचीची हत्तींची रांग कोरलेली होती. रांगेतले एक पिल्लू वाटेत पडलेले काहीतरी सोंडेने उचलत होते, आणि त्याच्यासाठी मागचे सगळे हत्ती खोळंबले होते. पुढची आई मान वळवून पाहत होती. चाळीस वेळा तो इथे आला होता. हे त्याने कधीच पाहिले नव्हते.

त्याने रांगेतला एकेक हत्ती पाहून घेतला. मग त्याने बायकोला विचारले, “अजून काय पाहिलंस?”

“सांगते,” शैलजा म्हणाली. “या.” आणि ती पुढे निघाली.