सारजाबाईचा रंग

फार फार वर्षांपूर्वी, धामणशेतच्या देवळावर कौलांऐवजी गवताचं छप्पर होतं तेव्हाची ही गोष्ट. गाभारा मात्र दगडी आणि त्याला खिडकी म्हणून नव्हती. आत धामणाईचा लाकडी मुखवटा. दर वर्षी पालखीच्या आधी तो नव्यानं रंगवायचा, आणि तो मान जिनगरांच्या घराचा. मुखवटा देवळाच्या ओट्यावर, उन्हात ठेवून रंगवायची रीत होती.

मग सिदू गुरवाच्या मनात आलं की, ओट्यावर देवीवर कुणाकुणाची सावली पडते, ते बरं नव्हे. पाटलांनी मान डोलावली. यापुढे मुखवटा गाभाऱ्यातच, समईच्या उजेडात रंगवायचा आणि पालखी निघेपर्यंत देवीनं ऊन बघायचं नाही, असं ठरलं. रंगवणाऱ्याला कुणी विचारलं नाही. त्याला विचारतो कोण?

राणू जिनगरानं सांगितलं तसं केलं. समईपाशी हरताळाचा पिवळा रंग फिका वाटे, म्हणून त्यानं त्याचे हातावर हात चढवले. लाल तिथं भडक दिसे, म्हणून तो बेतानं लावला. पालखी उन्हात आली आणि गाव हबकलं. देवी कावीळ झालेल्या बाईसारखी पिवळीजर्द दिसत होती. पुढच्याच महिन्यात गावात ताप आला आणि आजाऱ्यांचे डोळेही तसेच पिवळे झाले. मग काय, गावाला कारण सापडलं. राणूला बडवून नदीपार हाकललं. पुढच्या पालखीला देवीचं तोंड नीट झालं तरच त्याला परत घेऊ, असं पाटलांनी त्याच्या बायकोला, सारजेला बजावलं.

सारजा लग्न होऊन आल्यापासून त्या घरात रंग घोटत होती. आता ती रोज दुपारी दर्शनाच्या निमित्तानं गाभाऱ्यात जाऊन बसू लागली. एकदा तिनं समईपुढे पांढरी आणि पिवळी शेवंती ठेवली, तर दोन्ही फुलं सारखीच दिसली. निळ्या लुगड्याची चिंधी धरली, तर ती काळी झाली. समई कोणता रंग खाते आणि कोणता वाढवते, हे तिनं एकेक करून पाठ केलं. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती. माणसाच्या डोळ्यांखालच्या सावलीत काळं काही नसतं, निळसर हिरवं असतं. काळा लावला की तोंड मरतं. तो निळा शेजारी आला, तर गालाचा लाल आपोआप जिवंत होतो. पाळण्यातल्या लेकीकडे बघून बघून ती हे शिकली होती. ती लेक त्याच तापात गेली, असं म्हणतात.

पालखीच्या दोन दिवस आधी सारजा रंग घेऊन गाभाऱ्यात शिरली, तेव्हा तिच्याही अंगात ताप होता. डोळ्यांना दिसत होतं त्यावर तिनं विश्वास ठेवला नाही. मनात ऊन धरून ती रंगवत गेली. संपल्यावर गुरव आणि पाटील बघायला आले. समईच्या उजेडात तोंड पांढरंफटक, गाल रक्तासारखे आणि डोळ्यांखाली काळे डाग.

"हे मढ्याचं तोंड हाय," सिदू गुरव म्हणाला.

"गुरवबाबा, हिला उन्हात न्या, मग बोला. समई खोटं दाखवतीया."

देवीच्या समईला खोटं म्हटल्यावर पाटील भडकले. रंग बदल, नाहीतर नवऱ्याला विसर, असं त्यांनी सुनावलं. समईला आवडेल असं तोंड रंगवणं सारजेला अवघड नव्हतं. पण ते उन्हात पुन्हा पिवळं पडणार आणि या खेपेला राणूला जिवंत सोडणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं कुंचला खाली ठेवला. पाटलांनी दार ओढून बाहेरून कडी घातली. रंग बदललास की हाक मार, म्हणाले. दुसऱ्या दिवशी आतून एकदा पाण्यासाठी हाक आली, असं म्हणतात. बाहेरच्यांना ती बतावणी वाटली.

पालखीच्या सकाळी दार उघडलं. सारजा मुखवट्यापाशी पडली होती. अंग गार होतं. रंगात मात्र तिनं तसूभर बदल केला नव्हता.

पालखी थांबवता येत नव्हती आणि नव्यानं रंगवायला कुणी उरलं नव्हतं. मुखवटा होता तसा बाहेर काढला. उन्हात आला मात्र, आणि देवीचे गाल तापल्यासारखे लाल झाले, डोळे पाणावले, ओठ हलले. रांगती पोरं हात पुढे करून तिच्याकडे झेपावली, असं म्हणतात. म्हाताऱ्या बाया मोठ्यानं रडल्या. ताप मात्र त्या वर्षीही थांबला नाही, आणि हे धामणशेतात कुणी लपवत नाही.

राणूला आणायला माणसं नदीपार धावली. तो आला, मुखवट्यापुढे उभा राहिला. मग म्हणाला, "ही माझ्या सारजेनं रंगवली." लोकांनी माना हलवल्या. ती कशी गेली, हेही त्यांनी सांगितलं.

"कडी कुणी घातली?" त्यानं विचारलं.

राणू आल्या वाटेनं परत गेला आणि पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

तेव्हापासून धामणशेतात मुखवटा ओट्यावर, भर उन्हात रंगवतात. त्या दिवशी गावात एकाही दाराला कडी लागत नाही. पाटलांच्या घराची तर आदल्या दिवशीच काढून ठेवतात. उंबऱ्या-उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो आणि त्याला कुणी तोंड लावत नाही. परगावचा कुणी विचारतो की, आज सगळी दारं अशी सताड उघडी का? तर घरातली माणसं खाली बघून सांगतात, "सारजाबाईचा रंग वाळतोय."