खिशातलं कार्ड

“बरं, मग फिल्टर तरी कुठला घेऊ, तेवढं सांगा,” वृषाली म्हणाली.

बक्षूचाचा बशीतला चहा फुंकत राहिले.

गडहिंग्लजमध्ये ज्याला म्हणून कॅमेरा धरता येतो, तो कधी ना कधी या म्हाताऱ्याच्या हाताखालून गेलेला असतो. अल्लाबक्ष मुजावर हे त्यांचं खरं नाव, पण ते फक्त पाटीवर. मी शेजारचा फ्रेमवाला. दुपारचा चहा रोज त्यांच्याच स्टुडिओत घेतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

चौगुल्यांची वृषाली इंजिनिअर झालेली. येत्या रविवारी नोकरीसाठी जपानला निघालेली. आयुष्यातला पहिला कॅमेरा कालच घेतलेला, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यातलं सगळं तोंडपाठ केलेलं. आल्यापासून तिची टकळी चालूच होती. चाचांना जे विचारायचं, त्याचं उत्तरही ती स्वतःच देत होती. कपाटातून एकेक वस्तू काढून काउंटरवर तिनं हा ढीग घातला होता.

“ट्रायपॉड कशाला?” चाचांनी विचारलं.

“हात हलू नये म्हणून.”

“आणि हा फ्लॅश?”

“उजेड कमी पडला तर?”

“एवढ्या उन्हात?”

“घरात काढायचाय हो फोटो.”

“एकच?”

वृषालीची टकळी थांबली.

“एकच,” ती म्हणाली. “आईचा.”

आई बाहेर बाकावर बसली होती. शालनवहिनी. पदर डोक्यावरून, गालावरून ओढून हनुवटीखाली मुठीत घट्ट धरलेला. वहिनींच्या तोंडावर कोड उठलं त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरातसुद्धा पदर असाच असतो म्हणे, आणि त्यांनी कुणाला फोटो काढू दिलेला नाही. लग्नात फोटोवाला मांडवात शिरला की वहिनी आचाऱ्याकडं काहीतरी काम काढून निघून जातात. वृषालीच्या पदवीचा फोटो मीच फ्रेम केलाय. त्यात बाप आहे, चुलता आहे, अगदी शेजारीणसुद्धा आहे. आई नाही.

“तिकडं गेल्यावर बघायला माझ्याकडं काहीच नाही हो तिचं,” वृषाली म्हणाली. मग काउंटरवर वाकली, आवाज बारीक केला. “तो सॉफ्ट फिल्टर असतो ना... आणि फ्लॅश जरा जास्त मारला, तर... डाग दिसणार नाहीत ना?”

आवाज बारीक केला म्हणून काय झालं! स्टुडिओ तो केवढासा. बाहेर बाकावरचा पदर आणखी वर गेलेला मी बघितला. मला पोरीचा रागच आला. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण बिचारीनं काही दुष्टपणानं विचारलं नव्हतं.

चाचांनी बशी खाली ठेवली.

“फिल्टर आहे,” ते म्हणाले. “चांगल्यातला आहे. पण आधी कॅमेरा बघू दे.”

तिनं दिला. त्यांनी बाजूचं झाकण उघडलं, आतलं मेमरी कार्ड काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“अहो चाचा, कार्ड!”

“असू दे.”

“त्याच्याशिवाय फोटो कसा निघणार?”

“नाही निघणार.”

मग त्यांनी काउंटरवरचा ढीग आवरायला घेतला. ट्रायपॉड कपाटात. फ्लॅश कपाटात. मोठी लेन्स, ती पाठीवरची बॅग, सगळं परत कपाटात. एक जादा बॅटरी आणि एक पिवळं मऊ फडकं, तेवढं बाहेर ठेवलं.

“ही दोन घे. तिकडं थंडीत बॅटरी लवकर उतरते.”

“आणि बाकीचं?”

चाचा गुडघे धरत उठले, दाराशी गेले.

“शालन, आत ये गं. जरा स्टुलावर बस. पोरीला कॅमेरा धरायला शिकवायचाय.”

“मी नाही बाई...” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे की सगळं, चाचा. मग कशाला बोलावता?”

“कार्ड माझ्याकडं आहे. हे बघ.” त्यांनी खिशातून काढून दाखवलं. “त्या डब्यात काही राहत नाही आता. नुसता आवाज होतो.”

वहिनींनी कार्डाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी आपलं कपात तोंड घातलं.

त्या आत आल्या. पदर तसाच मुठीत धरून स्टुलावर बसल्या.

ही चाचांची रोलच्या काळापासूनची पद्धत. बुजरं गिऱ्हाईक आलं की आधी रिकाम्या कॅमेऱ्यानंच क्लिक क्लिक करत राहायचं, माणूस सैल होईपर्यंत. रोल घातलेला नाही, हे तेव्हा ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचे नाहीत. आज सांगून टाकलं, हे माझ्यासाठीही नवीन होतं.

“काढ,” चाचा वृषालीला म्हणाले.

“काय काढू? राहणारच नाही ना काही.”

“काढ.”

क्लिक.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कार्ड नसल्याची खूण आली. वृषालीनं ती चाचांपुढं धरली. चाचांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

“काढ.”

क्लिक... क्लिक...

“डावा डोळा असा काय मिटतेस गं?” वहिनी मध्येच म्हणाल्या. “लहानपणी कैरीवर नेम धरायचीस, तेव्हा अगदी असंच तोंड व्हायचं तुझं.”

“आई, हलू नकोस.”

“हलले तर काय होतंय? राहतंय कुठं काय?”

“तरी पण.”

“आणि जीभ आत घे आधी. जपानी लोक घाबरतील.”

मला हसू आवरेना. वहिनीही हसल्या, चांगल्या खळखळून हसल्या. हसता हसता मूठ सुटली आणि पदर घसरून खांद्यावर आला. हनुवटी, अर्धा गाल, खाली गळ्यापर्यंत, सगळं उघडं झालं.

वृषालीचा कॅमेरा डोळ्यालाच होता. पण क्लिक ऐकू आलं नाही.

“काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही.”

“दिसते का मी त्यात?”

“दिसतेस.”

“सगळी?”

“सगळी,” वृषाली म्हणाली.

वहिनींचा हात पदराकडं गेला.

“आई,” वृषाली कॅमेऱ्यामागूनच म्हणाली, “हसताना तुझ्या गालाला खळी पडते. मला माहीतच नव्हतं. माझ्यासारखीच आहे.”

“माझी तुझ्यासारखी नाही, बाई. तुझी माझ्यासारखी.”

हात पदरापाशी तसाच राहिला होता. मग तो खाली मांडीवर आला.

“चाचा,” वहिनी म्हणाल्या, “तिचं कार्ड देऊन टाका तिला.”

चाचांनी लगेच दिलं नाही. त्यांनी वहिनींकडं नीट बघितलं. वहिनींनी मान डोलावली. तेव्हा कुठं त्यांनी खिशात हात घातला.

वृषालीनं कार्ड आधी उलटं घातलं. मग सुलटं. एवढी हुशार पोरगी!

“तो फिल्टर काढू का?” चाचांनी विचारलं. अगदी प्रेमानं विचारलं, टोमणा नव्हता त्यात.

तिनं नुसतीच मान हलवली. नको.

पिवळ्या फडक्यानं तिनं लेन्स पुसली. त्याच फडक्यानं डोळे पुसले. कॅमेरा उचलला. पुन्हा खाली घेतला. वहिनी तशाच बसून होत्या, पदर खांद्यावर, समोर बघत.

“चाचा, हात हलतोय माझा,” वृषाली म्हणाली. “तो ट्रायपॉड द्या ना तेवढा.”

चाचा कपाटाला टेकून उभे होते. ते तिथून हलले नाहीत.

“हलू दे,” ते म्हणाले.