डोहकाकीचा चेहरा

नदी जिथे मोठं वळण घेते, तिथे काठाला धरून एक गाव वसलं होतं, आणि त्या गावात मुलांसाठी अद्भुत गोष्टी लिहिणारी एक तरुण लेखिका राहत होती. ती लांबच्या नगरीत शिकून परत आली होती. तिथल्या पुस्तकांत बर्फाचे महाल होते आणि कधी न पाहिलेल्या झाडांची जंगलं होती. परत येताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, की आपल्या मुलांना आपल्याच नदीतल्या, आपल्याच मातीतल्या गोष्टी मिळाल्या पाहिजेत.

आणि तिने तसं केलंही. वाण्याच्या खाष्ट पोपटावरून तिने एक राजा रचला, जो दिवसभर सिंहासनावर बसून प्रजेला शिव्या घालायचा. स्वतःच्या मामावरून एक राक्षस रचला, ज्याच्या झोपलेल्या पोटावर लोक टेकडी समजून घरं बांधायचे. मामाला ते ऐकून इतका आनंद झाला, की तो रोज एक भाकरी जास्त खाऊ लागला. मुलं पारावर गोळा व्हायची, हसून हसून लोळायची आणि घरी जाऊन तीच गोष्ट धाकट्यांना सांगायची.

पण सगळ्यांत गाजली ती डोहकाकी. डोहकाकी नदीच्या तळाशी राहायची. तिचा एक डोळा पांढराफटक, बोटं कायम ओली. ती मुलांच्या डोक्याला हळूच हात लावायची, आणि ज्याच्या डोक्याला तो गार हात लागे, ते मूल आपल्या आईचं नाव विसरून जाई. मग मासा होऊन तिच्या दारात फिरत राही. ही गोष्ट सांगताना लेखिकेचा आवाज खाली यायचा आणि मुलं एकमेकांना चिकटून बसायची.

जत्रेच्या दिवशी पारावर मोठी गर्दी होती. गोष्ट संपल्यावर कुंभाराची धाकटी मुलगी उठून उभी राहिली. ती भारी धीट होती.

"ताई, तुमच्या गोष्टीतलं तुम्हाला सगळ्यांत कोण आवडतं?"

"डोहकाकी," लेखिका लगेच म्हणाली.

"मग ती तुम्हाला सुचली कशी?"

लेखिकेला या प्रश्नाचा फार आनंद झाला. आपल्या गोष्टी परक्या नाहीत, इथल्याच आहेत, हे सांगायची हीच वेळ होती. तिने घाटाकडे बोट दाखवलं. "आपल्या दुरपाआत्याला बघून!"

सगळ्या माना घाटाकडे वळल्या.

दुरपाआत्या होडी चालवायची. शाळा आणि बाजार पलीकडच्या काठावर, त्यामुळे गावातलं प्रत्येक मूल तिच्या होडीतून जायचं. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेला होता. वल्ह्यामुळे हात सदा ओले. तिला आकडे येत नव्हते, म्हणून होडी सोडण्याआधी ती प्रत्येक मुलाच्या डोक्याला बोट लावत जायची. एखादं डोकं कमी पडलं, तर तिच्या हाताला ते बरोबर कळायचं. मग ती काठाकडे बघून हाका मारायची, आणि राहिलेलं मूल आल्याशिवाय दोर सोडायची नाही. लेखिका लहान होती, तेव्हा तिच्याही डोक्याला ते गार बोट रोज लागलं होतं. अंगावर सर्रकन काटा यायचा. तेवढाच काटा तिने लक्षात ठेवला होता.

जत्रेनंतर होडीत नवाच खेळ सुरू झाला. आत्याचा हात पुढे आला, की मुलं किंचाळून खाली बसत. कुणी डोक्यावर दप्तर धरी, कुणी "डोहकाकी, मला नको, याला ने!" म्हणून शेजाऱ्याला पुढे ढकली. लहानगी तर खरोखरच रडत. काही दिवसांनी आयाही घाटावर येऊन म्हणू लागल्या, "आत्या, होडी चालवा, पण हात तेवढा लावू नका. पोरं झोपेत दचकतात."

एके दुपारी दुरपाआत्या लेखिकेच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

"आत ये ना आत्या."

"नको बाय, पाय चिखलाचं हायेत." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझी गोष्ट लई ग्वाड हाय म्हणत्यात. मला एवढंच सांगायचं हुतं, की पोरं मला हात लावू देईनात."

"अगं, खेळतायत ती! खेळू दे की."

"खेळू देत. पण त्यांच्या डोस्क्याला हात लावल्याबिगर मला उमजत न्हाई किती चढली ती. तू पारावर सांग ना, की डोहकाकी वंगाळ न्हाई. तुझं ऐकत्यात सगळी."

लेखिकेच्या डोळ्यांपुढे पारावर एकमेकांना चिकटून बसलेली मुलं आली. डोहकाकी चांगली निघाली, तर मग त्या गोष्टीत उरणार काय?

"आत्या, गोष्ट ती गोष्ट असते," ती शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाली. "ती अशी मध्येच बदलली, तर मोडते. आणि तू डोहकाकी थोडीच आहेस? मुलं मोठी झाली की त्यांना कळेल."

"तवर?" आत्याने विचारलं.

दुरपाआत्या उठली, ओलं पाऊल उमटलेली जागा पदराने पुसली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून तिने कुणाच्या डोक्याला हात लावला नाही.

पुढे पलीकडच्या काठावर देवीचा उत्सव भरला. गावची सगळी मुलं तिकडे गेली होती. दिवस मावळायला आला, वर कुठेतरी पाऊस झाला असावा, पाणी गढूळ होऊन चढू लागलं. मुलं घाईघाईने होडीत चढली. गोंगाट, रेटारेटी, पिपाण्यांचा कलकलाट. दुरपाआत्याने नुसत्या नजरेने पाहिलं, एका डोळ्याने जेवढं दिसलं तेवढं, आणि दोर सोडला.

अलीकडे आल्यावर आयांनी आपापलं मूल उचललं. कुंभारीण मात्र हात पुढे करून तशीच उभी राहिली.

तिची धाकटी वाळूत पडलेली पिपाणी शोधायला मागे फिरली होती. होडी निघालेली दिसली तशी ती हाका मारत पाण्यात धावली असणार. दुसऱ्या दिवशी ती खालच्या बंधाऱ्याला सापडली.

गाव पारावर जमलं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण एक वाक्य या तोंडातून त्या तोंडात फिरत होतं: डोहकाकीने नेली. पंचांनी होडी काढून घ्यायचं ठरवलं. तेव्हा लेखिका धडपडत पुढे आली.

"हे खोटं आहे! डोहकाकी कुणीच नाही, मी रचली तिला. आत्या मुलं मोजायची म्हणून हात लावायची. आपण तो हात थांबवला. मी थांबवला!"

लोकांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. कुंभारीण उठली आणि तिने लेखिकेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"ताई, तुमचं मन मोठं, म्हणून तुम्ही तिला पाठीशी घालताय. पण तुम्ही तर आम्हाला आधीच सावध केलं होतं. आमचंच चुकलं. आम्ही नुसती गोष्ट म्हणून ऐकली."

दुरपाआत्या गाव सोडून निघाली, तेव्हा तिच्या हातात एक गाठोडं होतं. लेखिका वेशीपर्यंत तिच्यामागे धावली.

"आत्या, थांब. मी नवी गोष्ट लिहिते. तिच्यात तू सगळ्या मुलांना वाचवतेस. सगळ्यांना!"

"कुंभाराची पोर येती का त्यात माघारी?"

लेखिकेने मान खाली घातली.

"मग कशापायी लिवतीस, बाय," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. ती चालू लागली. जन्मभर होडीत उभी राहिलेली बाई, तिला रस्त्यावर नीट चालताही येत नव्हतं.

तरी लेखिकेने ती गोष्ट लिहिली. आत्याचं बोट, तिच्या हाका, राहिलेल्या मुलासाठी थांबलेली होडी, जसं होतं तसं सगळं लिहिलं. पारावर बसून तिने ती वाचून दाखवली. मुलांनी शांतपणे ऐकली. कुणी कुणाला चिकटून बसलं नाही.

शेवटी एक मुलगी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "छान आहे, ताई. पण खरी गोष्ट काय ती आम्हाला ठाऊक आहे."

या गोष्टीचं तात्पर्य असं: कल्पना आपली असली, तरी ती ज्याचा चेहरा घालून उभी राहते, त्या माणसाला त्याच चेहऱ्याने जगायचं असतं. तो माणूस दारात येऊन आपला चेहरा परत मागेल, त्याच क्षणी तो द्यावा. उशिरा दिलेला चेहरा पुन्हा बसत नाही.